हद्दीबाहेरचे आतोबा

आमच्या आतोबांनी व्हिस्की कधी सोडली नाही, आणि पुण्याच्या हद्दीत तिचा थेंबही कधी घेतला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आणि हा माणूस जन्मला, शिकला, नोकरीला लागला, निवृत्त झाला आणि गेला तो नारायण पेठेतच. हे कसं जमवलं ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण निम्म्याहून जास्त वेळा स्कूटर मी चालवत होतो.

आतोबा म्हणजे माझ्या कुसुमआत्याचे यजमान. महापालिकेत आरेखक. नकाशे काढायचे, आणि काढायचे म्हणजे असे, की त्यांच्या हातची रेघ बघून शाईलाही आपण सरळ वळणाच्या घरातल्या आहोत असं वाटावं. हा सरळपणा कचेरीत सोडून यायची सोय त्यांच्यात नव्हती. दुसऱ्याच्या घरी गेले की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचे, मग खुर्चीत बसायचे. पंगतीत वाढणाऱ्याने लिंबाची फोड उजवीकडे टाकली, तर ती उचलून मिठाच्या रेषेत आणायचे. माणसांबद्दलचं त्यांचं मतही नकाशाच्याच भाषेत असे. "माणूस चांगला आहे, पण प्रमाणात काढलेला नाही," असं ते माझ्या सासऱ्यांबद्दल म्हणाले होते. सासऱ्यांनी ते बरेच दिवस कौतुक म्हणून सांगितलं. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. मला त्याच घरात जेवायला जायचं होतं.

व्हिस्की मात्र त्यांची एकुलती एक चैन. त्यासाठी त्यांनी रीतसर आजन्म परवाना काढला होता. आपल्या राज्यात माणसाने दारू प्यायची ती प्रकृती राखण्यासाठी, असं त्या परवान्यात सरकारच म्हणतं. आतोबा ते वाक्य फार गंभीरपणे घ्यायचे. परवाना रेशनकार्डाच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या वर असायचा.

आता शपथेची गोष्ट.

एका दिवाळीत त्यांच्या कुणा सहकाऱ्याला बढती मिळाली आणि आतोबा तिथून जरा प्रकृती राखून घरी आले. संध्याकाळची वेळ, इमारतीच्या अंगणात बायकांची रांगोळी स्पर्धा, सगळा शेजार जमलेला. मी आत्याकडे फराळाला म्हणून गेलो होतो आणि चकली हातात घेऊन उभा होतो. आतोबा फाटकातून आत आले, देशपांडेवहिनींच्या मोरापाशी थांबले, मान तिरकी करून त्यांनी मोराकडे पाहिलं.

"वहिनी, तुमचा मोर अडीच अंश डावीकडे कललाय."

"अहो, नाचतोय तो," वहिनी म्हणाल्या.

"नाचू दे. पण तोल जातोय त्याचा."

कुणाला काही कळायच्या आत आतोबा वर जाऊन रेघा आखायचा टी-स्क्वेअर घेऊन आले, अंगणात मांडी घातली, तळहाताने मोराची मान पुसली आणि नव्वद अंशात नवी मान काढायला घेतली. मोर टपालपेटीसारखा दिसायला लागला. देशपांडेवहिनी रडायला लागल्या. मला हसू आवरेना म्हणून मी अख्खी चकली तोंडात कोंबली.

आत्या जिन्याच्या पायरीवर उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "ह्या गावात पुन्हा थेंब जरी घेतलात तर माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला!"

आतोबांनी वर पाहिलं. त्या अवस्थेतही त्यांना प्रश्न पडला.

"गाव म्हणजे? जुनं गावठाण की आजचं?"

"तुमची ती महापालिका आहे ना, तिची हद्द! तिच्या आत नाही! समजलं?"

"समजलं," आतोबा म्हणाले, आणि टी-स्क्वेअर काखेत मारून घरात गेले.

आत्या नंतर मला कैकदा म्हणाली, "अरे, 'दारू सोडा' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते रे मी." खरंय. बाकीच्यांच्या बायका तेवढंच म्हणतात आणि त्यांचे नवरे आठवडाभरात शपथ मोडून मोकळे होतात. पण नकाशे काढणाऱ्या माणसाला आत्याने रागाच्या भरात हद्द आखून दिली होती. ती मोडणं आतोबांच्या धर्मात बसत नव्हतं, आणि तिच्या बाहेर काय चालतं हे बघणं कर्तव्यात बसत होतं.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. टेबलावर शहराचा नकाशा पसरलेला. सिंहगड रस्त्याने धायरीच्या बाजूला, लाल रेघेपलीकडे त्यांनी पेन्सिलीने एक टिंब काढलं होतं. ते ज्ञानोबांचं शेत. ज्ञानोबा बांधाच्या मोजणीच्या कामासाठी कचेरीत यायचे, आतोबांनी त्यांना कुठल्या खिडकीवर काय द्यायचं ते एकदा नीट लिहून दिलं होतं, आणि तेवढ्यावर ज्ञानोबांनी जन्माची मैत्री जोडली होती.

"तुझी स्कूटर शनिवारी मोकळी असते ना?" आतोबांनी विचारलं.

मला 'नाही' म्हणता येत नाही, आणि दारू चढायला खोकल्याचं औषध पुरतं. चालक म्हणून ह्याहून लायक माणूस त्यांना मिळाला नसता.

एकदा मी शहाणपणा करून सुचवलं, "आतोबा, पिंपरीची महापालिका वेगळी आहे. तिकडे बसलं तरी चालेल की."

"शपथ पाळायची आहे रे मला," ते म्हणाले, "शिक्षा भोगायची नाहीये."

तर शनिवार. दुपारी चारला निघायचं. विहिरीजवळच्या आंब्याखाली दोन खाटा. आतोबा पिशवीतून बाटली काढायचे, औषधाच्या दुकानातलं खुणा केलेलं छोटं माप काढायचे, आणि ते डोळ्यांसमोर धरून मोजायचे. पाणी ज्ञानोबांच्या विहिरीचं. "नळाच्या पाण्याला कचेरीचा वास येतो," असं त्यांचं म्हणणं. पहिला घोट घेऊन डोळे मिटायचे आणि एकच शब्द म्हणायचे, "छान." तीस वर्षं कुठलीही व्हिस्की प्याले तरी हाच अभिप्राय. दोन झाले की बाटली बंद. तिसऱ्याचा आग्रह ज्ञानोबा दर वेळी करायचे, आणि आतोबा दर वेळी म्हणायचे, "दोनपर्यंत बांधकाम. तिसरं अतिक्रमण."

"आरं सायेब, हितं कोन येतंय पाडायला?"

"मीच येईन."

परतीच्या वाटेवर जकात नाका लागायचा. तिथून घरी पोचलो की आत्या दारात. पहिल्याच शनिवारी तिने मुद्दा काढला होता.

"बाहेर प्यायलात, पण पोटात घेऊन आत आलात त्याचं काय?"

"पोटातल्या मालावर जकात नसते."

"तोंडाच्या वासावर असते. गॅलरीत झोपा."

हा निवाडा दोघांनीही मान्य केला. शनिवारी रात्री गॅलरीत सतरंजी पडायची. थंडीत आत्या न बोलता दुसरी रजई ठेवायची, एवढंच.

वर्षातून एकदा आतोबांची मोठी यात्रा असे. लोक कुलदैवताला जातात, हे दारूच्या कारखान्यांना जायचे. त्यासाठी ते सुवाच्य अक्षरात पत्र लिहायचे. "आपला कारखाना सहकुटुंब पाहण्याची इच्छा आहे. सोबत परवान्याची नक्कल जोडली आहे." अशा पत्राचं काय करायचं हे कुठल्याच कारखान्याला कळायचं नाही, आणि गोंधळून ते होकार कळवायचे.

पहिला कारखाना ऊसपट्ट्यातला. दोन मैलांवरूनच मळीचा असा वास आला, की माझी बायको म्हणाली, "हे लोक हे पितात?" फाटकावर दोन कुलपं. एक कारखान्याचं, एक सरकारचं. दोन्ही किल्ल्या एकत्र आल्याशिवाय आतला दरवाजा उघडत नव्हता. आतोबा हात जोडून म्हणाले, "देवाच्या गाभाऱ्यालासुद्धा एवढा बंदोबस्त नसतो." एका उत्साही तरुण केमिस्टने आम्हाला सगळं फिरवलं. टाक्या, नळ्या, वाफ, पुन्हा टाक्या. आतोबा वहीत आकृती काढत होते. शेवटी त्यांनी पेन्सिल थांबवली.

"सगळं पाहिलं. बार्ली कुठे साठवता?"

"बार्ली?"

"सातू हो. व्हिस्की सातवाची असते ना?"

"ती तिकडे विलायतेत, काका," तो पोरगा मोकळेपणाने म्हणाला. "आपल्याकडं मळीचं स्पिरिट. त्यात थोडा माल्ट, थोडा रंग, थोडा वास. झाली व्हिस्की."

परतीच्या एस.टी.त आतोबांनी वही मिटून पिशवीत घातली. सासवड गेल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी काकवी प्यालो."

"आजी पोळीबरोबर द्यायची ती?" मी विचारलं.

"तीच. तिच्यासाठी डॉक्टरचा दाखला लागला नव्हता."

त्यानंतर खऱ्या सातवाच्या शोधात आम्ही गोव्याला गेलो. आत्याला सांगितलं होतं, मंगेशी. मंगेशीला गेलोही, सकाळी. दुपारी गाडी एका आवारात शिरली तेव्हा आत्याने पाटी वाचली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हे कुठल्या देवाचं?"

"गोवा हद्दीत नाही," आतोबा घाईने म्हणाले.

"अजून नाही," आत्या म्हणाली. "चला."

इथे सातू होता. तांब्याची मोठ्या पोटाची भांडी होती, आत्याने त्यांचं मनापासून कौतुक केलं आणि चिंचेने घासता का म्हणून विचारलं. मग अंधाऱ्या कोठारात लाकडी पिंपं. माहिती सांगणाऱ्या मुलीने सांगितलं, की पिंपातली व्हिस्की वर्षानुवर्षं थोडी थोडी उडून जाते, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात, आणि आपल्याकडे उकाड्यामुळे तो विलायतेपेक्षा बराच जास्त असतो.

"आपले देव नैवेद्याच्या बाबतीत पूर्वीपासूनच कडक," आतोबा म्हणाले.

मग तिने एका पिंपाचं बूच काढलं. आतोबांनी वाकून दीर्घ श्वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "छान."

आत्यालाही तिने आग्रह केला. आत्याने नाकाशी पदर धरूनच वास घेतला, मग पदर काढून पुन्हा घेतला.

"ह्यात मनुका आहेत," ती म्हणाली. "तुपात तळताना जरा करपलेल्या. आणि जायफळ. पण किसून ठेवलेलं, ताजं नाही."

त्या मुलीने बूच तसंच हातात धरलं. "काकी, हे शेरीचं, म्हणजे द्राक्षाच्या दारूचं पिंप आहे! बेदाण्याचाच वास येतो त्याला!" ती धावत जाऊन कुणा मोठ्या साहेबाला घेऊन आली. त्याने टेबलावर ग्लास मांडले. आत्याने एकेक हुंगला, एकही ओठाला लावला नाही. ह्यात सुंठ. ह्यात आंब्याची अढी, पण तळातली. ह्यात ओल्या पोत्याचा वास, हे कुणाला देऊ नका. साहेब लिहून घेत होता. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे नोकरी करा."

"नको," आत्या म्हणाली. "घरी एक आहे तेवढा पुरे."

आतोबांनी त्या दिवशी दोन घेतले. दुसऱ्याच्या वेळी 'छान' म्हणायला तोंड उघडलं, आत्याकडे पाहिलं आणि मिटलं. पुण्याला येईपर्यंत ते रुसले होते. कारण विचारलं तर म्हणाले, "तीस वर्षं अभ्यास मी केला आणि पहिला नंबर हिचा."

पण खरा घाव त्यांच्यावर पडला तो आजूबाजूची गावं महापालिकेत घ्यायचं ठरलं तेव्हा. आदेश आला आणि नव्या हद्दीचा नकाशा काढायचं काम आतोबांच्याच टेबलावर आलं. रेघ ज्ञानोबांच्या शेतापलीकडून जाणार होती. विहीर, आंबा, दोन्ही खाटा, सगळं आत.

मी शनिवारी कचेरीत गेलो तर ते कोऱ्या कागदासमोर बसलेले. मी हळूच म्हटलं, "आतोबा, रेघेची जाडीच एवढी असते. जरा अलीकडून गेली तर कोण बघतंय?"

"मी बघतोय," ते म्हणाले. मग पेनात शाई भरत, "शब्द कुसुमला दिलाय, रेघ गावाची आहे. एकासाठी दुसरी वाकवली की दोन्ही वाकड्या." आणि त्यांनी पेन टेकवलं. इतकी सरळ रेघ मी आयुष्यात पाहिली नाही. मला वाटतं, त्या रेघेला थोडं रडू आलं असावं. मला तरी आलं, पण माझं काय, मी लग्नाच्या व्हिडिओतही रडतो.

राजपत्रात छापून येईपर्यंत शेत बाहेरच, म्हणून आम्ही आणखी थोडे शनिवार गेलो. शेवटच्या दिवशी आतोबांनी ज्ञानोबांना सांगितलं, "ज्ञानोबा, उद्यापासून तुम्ही पुणेकर."

"म्या?" ज्ञानोबा दचकले. "म्या काय पाप केलं वो?"

पुढे ती जमीन त्यांनी बिल्डरला दिली आणि खडकवासल्याजवळ दुसरी घेतली. "सायबांचा शनवार मोडायला नगं," हे एक कारण त्यांनी बिल्डरलाही सांगितलं होतं म्हणे. तिथे विहिरीऐवजी धरण. पाणी पाहून आतोबा खूश झाले. "हेच आपल्या नळाला येतं, फक्त इथे अजून सरळ आहे." मधल्या काळात घेतलेल्यांपैकी काही गावं सरकारने पुन्हा वगळली, तेव्हा आतोबांनी पेढे वाटले. ज्ञानोबांचं जुनं गाव त्यात नव्हतं. "नसेना," म्हणाले, "कुणाची तरी सोय झाली."

वर्षं गेली. आतोबा निवृत्त झाले, माझी स्कूटर जाऊन गाडी आली, आणि गाडीत बसल्यावर कळलं की सिंहगड रस्त्यावर आता स्कूटरच बरी होती. मग एके दिवशी खडकवासलाही हद्दीत आलं. त्या शनिवारी ज्ञानोबा बांधावर उभे राहून म्हणाले, "म्होरं पानशेत हाय. त्याच्या म्होरं डोंगुर. तुमची म्हापालिका डोंगुरबी चढंल, पन तुमचं गुडगं न्हाई चढायचं."

खरंच होतं. आतोबा ऐंशीला टेकले होते. अर्ध्या रस्त्यात पाय आखडायचे. त्यांनी शनिवार बंद केला. तक्रार केली नाही, पण चार वाजले की खुर्चीत नुसते बसून राहायचे, आणि कुणाची तसबीर तिरकी असली तरी उठायचे नाहीत. ते आत्याला बघवेना. एका शनिवारी तिने स्वतः कपाटातून बाटली काढून समोर ठेवली.

"घ्या. मी सोडवते शपथेतून."

"नको."

"अहो, मीच घातली, मीच काढते."

"गळ्याची आहे ती," आतोबा म्हणाले. "इतकी वर्षं शाबूत आहे. आता प्रयोग कशाला?"

आयुष्यभर ज्योतिष्यांना हसलेला हा माणूस. आत्या बाटली परत ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

महिनाभराने सकाळीच तिचा मला फोन. आवाजात घाई.

"पेपर वाचलास? कॅम्पाचा काही भाग महापालिकेत घ्यायचं चाललंय म्हणे."

"मग?"

"मग काय मग! म्हणजे अजून तो आत नाहीये! लष्कराची छावणी, तिचं मंडळ वेगळं. गाडी काढ. ते आत घ्यायच्या आधी पोचायला हवं."

मी कपाळावर हात मारला. गावाच्या ऐन मध्यावर ही बाहेरची जागा, आणि मी तीस वर्षं सिंहगड रस्त्याचे खड्डे मोजत होतो.

दुपारी दोघांना घेऊन निघालो. आतोबा पुढे, आत्या मागे. पेठा मागे पडल्यावर ती पुढे वाकली. मग म्हणाली, "काय हो, शहराचा नकाशा तुम्ही काढायचात. मधला तेवढा तुकडा आपल्या हद्दीत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

सिग्नल लागला, सुटला.

"माहीत होतं."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग एवढं लांब त्या ज्ञानोबांकडे कशाला मरायला जात होतात?"

"कॅम्प सायकलवर वीस मिनिटं," आतोबा म्हणाले. "रोज गेलो असतो."

मी आरशात पाहिलं आणि लगेच रस्त्याकडे पाहायला लागलो.

जुनं हॉटेल होतं, उंच छताचं. वेटरने आतोबांचा परवाना उलटसुलट करून पाहिला. इतक्या वर्षांत कुणी त्याला असा परवाना दाखवला नसावा. आत्यासमोर मेन्यू ठेवून त्याने विचारलं, "मॅडमना?"

"लिंबू सरबत," आत्या म्हणाली. "मी हद्दीत राहते."

आतोबांनी दोन घेतले, सावकाश. मी बिल मागवलं.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. आणखी थोडे शनिवार मिळाले, बस. पण मला आठवतात ते त्या पहिल्या दुपारचेच. मी गाडी आणायला पुढे गेलो होतो. वळून पाहिलं तर दोघं रस्त्याच्या कडेला उभी. आत्याने त्यांचा दंड धरलेला. आतोबा काठीने समोरचा डांबरी रस्ता दाखवत तिला काही समजावत होते, कचेरीत नव्या माणसाला समजावत तसे.

मी काच खाली केली तेव्हा शब्द ऐकू आले.

"हा रस्ता ओलांडला, की पलीकडे महापालिका."

आत्याने पलीकडे पाहिलं. मग मला हातानेच थांबायची खूण केली.

"मग एवढी काय घाई आहे," ती म्हणाली. "उभे राहा जरा इकडेच."